कृकलासाचा पाहुणचार

मराठी भाषेनें सरड्यावर जितका अन्याय केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्राण्यावर केला असेल. पक्ष बदलणारा पुढारी दिसला कीं तो सरडा; बेताच्या कुवतीचा मनुष्य दिसला कीं त्याची धाव कुंपणापर्यंत. शाळेंत म्हणी व वाक्प्रचार शिकवितांना हीं दोन्ही वाक्यें फळ्यावर लिहिण्याचा प्रसंग आम्हांस दरवर्षीं येई. आतां गंमत अशी कीं, ज्या कुंपणांवरून ही म्हण निघाली तीं कुंपणेंच आमच्या पडघ्याच्या पंचक्रोशींतून नाहींशीं होत चाललीं आहेत. निवडुंग, शेर आणि एरंड यांच्या जागीं गुदामांच्या पांढऱ्या भिंती उभ्या राहिल्या. मुंबई-नाशिक रस्त्याच्या दोहों अंगांस मालमोटारी, आणि वर विजेच्या उंच मनोऱ्यांच्या तारा. सरड्यानें आतां धांवावें तरी कोठपर्यंत?

ज्यास आपण सरसकट सरडा म्हणतों त्यांत वस्तुतः दोन निरनिराळे प्राणी येतात. कुंपणावर बसून मान वरखालीं करणारा, विणीच्या दिवसांत ज्याचा गळा लालभडक होतो, तो आपला नेहमींचा सरडा. दुसरा घोयरा, इंग्रजींत ज्यास कॅमेलिऑन म्हणतात तो हा. जगांत याच्या दोनशेंहून अधिक जाती आहेत, त्यांतील जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटांत. भारतांत मात्र एकच. घाटावरच्या कोरड्या, विरळ झाडींत तो आढळतो. आमच्या बाजूस त्याचें दर्शन विरळा. अंग दोन्ही बाजूंनीं दाबल्यासारखें चपटें, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा, फांदीला वेटोळें घालणारी शेपटी, आणि पायांचीं बोटें दोन व तीन अशीं जुळून झालेला चिमटा. डोळे कातड्यानें मढविलेले, मधोमध टांचणीच्या डोक्याएवढें छिद्र. एक डोळा समोर पाहत असतो तेव्हां दुसरा खुशाल पाठीमागचा समाचार घेत असतो. ही डोळ्यांची लीला ग्रीक पंडित अॅरिस्टॉटल यानें सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं नोंदून ठेविली आहे. पुढें रोमन ग्रंथकार प्लिनी यानें हा प्राणी केवळ वायु भक्षण करून राहतो असें लिहिलें, आणि युरोपांतील विद्वान् तें पुष्कळ काळ खरें मानीत राहिले. विद्वान् सर्वत्र सारखेच.

आमच्याकडे अमरकोशांत सरट आणि कृकलास हे शब्द पर्याय म्हणून दिलेले आहेत. कृक म्हणजे गळा. त्यावरून कृकलास शब्दाची जी फोड पंडित करितात ती गळा फुगवून मिरविणाऱ्या कुंपणावरच्या सरड्यासच अधिक शोभते असें आमचें मत आहे. परंतु कोशकार कांहीं प्राणिशास्त्रज्ञ नव्हते, आणि घोयऱ्यास निराळा संस्कृत शब्द शोधीत बसण्यापेक्षां आम्ही त्यासही कृकलासच म्हणूं.

तर असा एक कृकलास गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं पाहुणा म्हणून आला. आमच्या सूनबाईंचें माहेर सिन्नरच्या बाजूचें. नातू अकरा वर्षांचा. तो सुटींत मामाकडे गेला होता. तेथें विहिरीजवळच्या बाभळीवर गड्यांना घोयरा दिसला. हा चावला कीं माणूस वांचत नाहीं, अशी समजूत त्या बाजूस नव्हे, सर्वत्रच आहे. वास्तविक या जीवाजवळ विषाचा लवलेशही नाहीं. गड्यांनीं दगड उचलले. नातवानें आरडाओरडा केला तेव्हां मामांनीं फांदीसकट घोयरा खालीं घेतला, बुटांच्या खोक्यास भोंकें पाडलीं, आणि "घे, तुला," असें म्हणून तें खोकें भाच्याच्या हातीं दिलें.

समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाल्यापासून सिन्नर आम्हांस अंगणांत आल्यासारखें झालें आहे. आमणें पडघ्याहून फार दूर नाहीं. ज्याची धाव कुंपणापर्यंत असें आम्ही शिकविलें, तो प्राणी सुमारें आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून सह्याद्रि ओलांडून, दुपारीं निघाला तो दिवे लागण्यापूर्वीं कोंकणांत उतरला.

खोकें उघडलें तेव्हां आंत जें दिसलें तें काळपट, वर अधिक काळे ठिपके असलेलें, असें कांहींसें होतें. नातवाची निराशा झाली. "शेतावर हिरवागार होता, आजोबा!" त्यानें हात पुढें केला तसा घोयरा एक पाय हवेंत डोलवीत, पुढें जावें कीं जाऊं नये अशा विचारांत पडलेल्या म्हाताऱ्यासारखा, त्याच्या मनगटावर चढला. तेवढ्यांत आमच्या घरांतून स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. "अहो, चढलाय तो त्याच्या अंगावर! आधी पंचांग बघा!" पल्लीपतन व सरटारोहण यांचीं फळें पंचांगांत दिलेलीं असतात हें वाचकांस सांगणें नको. उजवा हात, डावा हात, मनगट, खांदा असा बराच शास्त्रार्थ झाला, आणि अखेर मुलानें स्नान करावें व देवापुढें तुपाचा दिवा लावावा यावर तडजोड झाली.

रात्रीं नातवानें प्रयोग आरंभिला. आजीचें लाल सोवळें मागितलें. तें अर्थातच मिळालें नाहीं, म्हणून लाल टेबलक्लॉथ पसरून त्यावर पाहुण्यास ठेविलें. पाहुणा लाल झाला नाहीं. निळ्या वहीवर निळा झाला नाहीं. उलट अधिकच काळवंडला. येथें एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. घोयरा ज्या वस्तूवर बसतो तिचा रंग घेतो असें जें आपण मानितों तें खरें नव्हे. झाडांतील हिरव्या-तपकिरी छटांशीं त्याचें अंग मुळांतच मिळतेंजुळतें असतें. पण त्याचे रंग बदलतात ते ऊन, थंडी, उजेड, आणि विशेषतः त्याची मनःस्थिति यांमुळें. सकाळीं ऊब हवी असते तेव्हां तो गडद होतो. झोपेंत फिकट पडतो. प्रतिस्पर्धी नर समोर आला म्हणजे उजळतो, आणि हार मानली कीं काळवंडतो. २०१५ सालीं जिनीव्हा येथील संशोधकांनीं मादागास्करच्या एका जातीवर अभ्यास करून असें दाखविलें कीं, त्याच्या कातडींतील कांहीं पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची मांडणी असते. प्राणी स्वस्थ असतां हे स्फटिक एकमेकांजवळ असतात व निळा प्रकाश परत फेंकतात. वरच्या थरांतील पिवळ्या रंगद्रव्यांतून तो हिरवा दिसतो. प्राणी खवळला कीं स्फटिकांतील अंतर वाढतें आणि पिवळ्या-तांबड्या छटा उमटतात. म्हणजे रंग हें त्याचें सोंग नसून ती त्याची बोली आहे. पुढाऱ्यांस सरडा म्हणणाऱ्यांनीं याचा विचार करावा. पुढाऱ्यांचे रंग इतके खरे नसतात.

हें आम्हीं नातवास समजावून सांगितलें तेव्हां तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तो आत्ता घाबरलाय?" आम्ही म्हणालों, "होय." त्यानें टेबलक्लॉथ आपण होऊन काढून घेतला.

आमचा एक जुना विद्यार्थी हल्लीं पशुवैद्य आहे. त्यास दूरध्वनि केला. त्याचें पहिलें वाक्य होतें, "गुरुजी, उद्या सकाळी वनखात्याला कळवा." दुसरें, "आणि तोवर त्याला हात लावू नका." मग त्यानें सांगितलेल्या गोष्टी ऐकून आमच्या लक्षांत आलें कीं, कृकलास पाळणें हें पोपट पाळण्यासारखें नव्हे. कांचेच्या पेटींत हवा कोंडते, आणि स्वतःचें प्रतिबिंब पाहून तो दुसरा घोयरा समजून दिवसभर भीतीनें झुरतो. उन्हांतील जंबुपार किरण मिळाले नाहींत तर हाडें मऊ होऊन वांकतात. खाद्य जिवंत कीटकांचें, तेंही नानाविध. दोन घोयरे एकत्र ठेवूं नयेत. रानांतून धरलेल्याच्या पोटांत बहुधा जंत असतात, आणि बंदिवासाच्या भीतीनें दुबळा झाल्यावर तेच त्यास मारितात. सर्वांत मोठी अडचण पाण्याची. हा प्राणी वाटींतलें पाणी बहुधा पीत नाहीं. स्थिर पाणी त्यास पाणी म्हणून कळतच नाहीं म्हणा ना. पानावरून ओघळणारे दंवाचे, पावसाचे थेंब हेंच त्याचें पाणी. भरलेल्या वाटीशेजारीं तहानेनें मेलेले घोयरे पुष्कळ, असें पशुवैद्य म्हणाला.

आमच्याही घरीं वाटी ठेविलेली होती आणि ती तशीच भरलेली होती. खोल गेलेले डोळे पाहून नातू रडकुंडीस आला. पहांटे आमच्या घरांतून नेहमींप्रमाणें तुळशीस पाणी घालावयास गेल्या. घोयऱ्यास रात्रभर गॅलरींतील जास्वंदीच्या कुंडींत मोकळाच ठेविलेला होता, आणि तुळस तिला लागूनच. तांब्यांतलें पाणी पानांवर उडालें, एक थेंब जास्वंदीच्या पानाच्या टोंकाशीं येऊन थांबला, आणि त्या काळ्या ओबडधोबड तोंडानें तो टिपला. मग दुसरा. "अहो, लौकर या, पितोय बघा!" ही हांक आम्हीं ऐकली तेव्हां तींत पंचांगाचा मागमूसही नव्हता. पुढची युक्ति सर्वस्वीं त्यांची. देवघराच्या माळ्यावर तांब्याची जुनी गळती होती. वैशाखांत शंकराच्या पिंडीवर टांगतात ती. ती धुवून, भोंकांत दर्भाऐवजीं कापसाची वात घालून त्यांनीं जास्वंदीवर टांगली. विलायतेंत घोयरे पाळणारे लोक याच कामासाठीं ठिबकणारें पात्र विकत आणतात, असें पशुवैद्यानें नंतर सांगितलें. आमच्याकडे तें शतकानुशतकें देवळांत आहे. दुपारपर्यंत पाहुण्याच्या अंगावर हिरवी झांक आली. नातवानें एक नाकतोडा फांदीवर सोडला. दोन्ही डोळे प्रथमच एकाच दिशेस वळले, आणि अंगाहूनही लांब अशी जीभ निघाली कधीं व परतली कधीं हें आम्हांस कांहीं दिसलें नाहीं. नाकतोडा मात्र नव्हता. जिभेच्या टोंकाची लाळ माणसाच्या लाळेहून सुमारें चारशेंपट दाट असते, असें बेल्जममधील संशोधकांनीं २०१६ सालीं मोजून पाहिलें आहे.

येथेंच खरा पेंच उभा राहिला. प्राणी हिरवा झाला, पाणी प्याला, खाऊं लागला. आतां तो परत कां द्यावयाचा? नातवाचा युक्तिवाद वकिलास लाजविणारा होता. "मी त्याला वाचवलं. तिकडे सोडलं तर दगड मारतील. आणि मामानं तो मला दिलाय."

पहिल्या दोन मुद्द्यांस आमच्यापाशीं तत्काळ उत्तर नव्हतें, आणि तें आहे असें दाखविण्याचा प्रयत्नही आम्हीं केला नाहीं. परंतु तिसऱ्या मुद्द्यावर आम्हांस नृगराजाची आठवण झाली. भागवताच्या दशमस्कंधांत चौसष्टाव्या अध्यायांत ही कथा आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वांतही आहे. द्वारकेजवळच्या उपवनांत यादवांचीं मुलें खेळतां खेळतां तहानलीं आणि पाणी शोधीत एका विहिरीपाशीं आलीं. विहीर कोरडी, आंत पर्वतप्राय कृकलास. मुलांना दया आली, त्यांनीं दोर लावून ओढून पाहिला, निघेना; तेव्हां तीं श्रीकृष्णाकडे गेलीं. त्याच्या करस्पर्शानें कृकलासाचा दिव्य पुरुष झाला, तोच नृग. दानशूर म्हणून त्रैलोक्यांत गाजलेला हा राजा सरडा कां झाला? एका ब्राह्मणाची गाय चुकून राजाच्या कळपांत आली, आणि राजानें ती नकळत दुसऱ्या ब्राह्मणास दान दिली. पुढें दोघे भांडत आले, राजा एकीच्या बदल्यांत लक्ष गाई द्यावयास तयार झाला, दोघांनींही नाकारल्या. देण्यांत कांहीं खोट नव्हती. जें दिलें तें देणाऱ्याचें नव्हतें, एवढेंच.

नातवानें कथा लक्षपूर्वक ऐकली. मग विचारलें, "मग हा कुणाचा? मामाचा नाही, माझा नाही, तर कुणाचा?"

या प्रश्नाचें उत्तर भागवतांत नसलें तरी कायद्यांत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वयें घोयरा संरक्षित आहे. त्यास पकडणें हें शिकारीच्याच व्याख्येंत येतें. कलम ३९ प्रमाणें असा वन्य प्राणी शासनाची मालमत्ता समजला जातो, आणि तो हातीं आल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आंत जवळच्या पोलीसठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. परदेशी जातींचें काय, असें कांहीं वाचक विचारतील. कारण येमेनकडचे व मादागास्करचे रंगीत कॅमेलिऑन बाळगणारे शोकीन आतां आपल्याही शहरांत आहेत. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय कराराखालीं या जातींच्या व्यापारावर नियंत्रण आहे. भारत त्यांत १९७६ पासून सामील आहे. आणि २०२२ ची दुरुस्ति व २०२४ चे नियम यांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्यानें शासनाकडे रीतसर नोंद केली पाहिजे. प्रवाशांच्या सामानांतून चोरून आणलेले असे जीव मुंबईच्या विमानतळावर पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतात. त्या पेट्यांत ते कोणत्या रंगाचे झालेले असतील याची कल्पना आतां आमचा नातूही करूं शकतो.

वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक त्याच सकाळीं आम्हीं फिरविला होता. माणसें दुसऱ्या दिवशीं आलीं: एक वनरक्षक, आणि त्यांच्याबरोबर प्राण्यांची शुश्रूषा करणारी एक तरुण मुलगी. तोंपर्यंत पाहुण्यानें एक नवीनच चाळा आरंभिला होता. झाडावरून उतरून तो कुंडींतली माती पुढच्या पायांनीं उकरी, थांबे, पुन्हां उकरी. नातवास वाटलें तो पळूं पाहतो. त्या मुलीनें एकदांच पाहिलें आणि ती म्हणाली, "अहो आजोबा, हा नाही, ही आहे. अंडी आहेत पोटात." दहापासून तीसपर्यंत अंडीं घोयऱ्याची मादी जमिनींत बीळ करून घालते व माती सारखी करून निघून जाते. पुरेशी खोल, निर्धास्त माती मिळाली नाहीं तर अंडीं पोटांतच अडकून ती मरते. जास्वंदीची कुंडी वीतभर खोल होती.

नातवाचा दुसरा मुद्दा, दगडांचा, मात्र अजून शिल्लक होता. आणि तो त्यानें वनरक्षकांसमोर मांडला. "इथेच सोडा ना, पडघ्यात. इथं कोणी मारणार नाही." वनरक्षकांनीं त्यास हांसण्यावारी नेलें नाहीं याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. आमच्याकडे पाऊस किती, सिन्नरकडे किती. ऊन कसें, माती कशी, कीटक कोणते, हें त्यांनीं त्यास सांगितलें. परका प्राणी नवीन मुलखांत सोडला तर एक तो मरतो, नाहीं तर तेथल्यांना मारितो. हवाई बेटांत १९७२ सालीं केनियांतून विकण्यासाठीं आणलेले शिंगवाले कॅमेलिऑन बागेंतून सुटले, आणि आज ते तेथल्या रानांतील गोगलगाई व किडे फस्त करीत आहेत. ज्या सालीं आमच्याकडे घोयरा धरण्यास बंदी करणारा कायदा झाला, तेंच हें साल!

"मग नक्की त्याच झाडावर सोडाल?" असें त्यानें विचारलें, आणि वनरक्षकांनीं "होईल तितकं जवळ" असें प्रामाणिक उत्तर दिलें. नातवानें वहीचें पान फाडून त्यावर विहीर, बाभळ, बांध व मामांचें घर यांचा नकाशा काढून दिला. उत्तर दिशाही दाखविली. खोक्याऐवजीं त्यांनीं कापडी पिशवी आणली होती, आंत फांदी. आमच्या घरांतून तेवढ्यांत जास्वंदीचीं ओलीं पानें पिशवींत घालूं लागल्या. "वाटेत तहान लागेल" म्हणाल्या. पिशवींत जातांना ती पुन्हां काळी झाली. नातू आंत जाऊन बसला तो जेवावयास आला नाहीं.

चौथ्या दिवशीं मामांचा दूरध्वनि आला. सिन्नरकडच्या वनखात्याची गाडी येऊन गेली, विहिरीपलीकडच्या बांधावर तिला सोडलें, आणि ती बाभळीवर न चढतां खालच्या भुसभुशीत मातींतच बराच वेळ फिरत होती, असें ते म्हणाले. अंडीं घातलीं कीं काय हें पाहावयास कोणी गेलें नाहीं, कारण जाऊं नका असें वनखात्यानें बजाविलें होतें. गड्यांचें काय, असें नातवानें विचारलें. मामा म्हणाले, "त्यांना तूच सांग."

म्हणून त्यानें पत्र लिहिलें. हल्लींच्या मुलास पत्र लिहावयाचें म्हणजे मोठें दिव्य. दोन कागद फुकट गेले. तिसऱ्यावर मजकूर उतरला तो असा: घोयऱ्याला विष नसतं. तो काळा झाला म्हणजे तो घाबरलेला असतो, रागावलेला नसतो. बाभळीखाली खणू नका आणि पुढच्या वर्षी मी येईपर्यंत ती तोडूही नका. पत्र तपासावयास आमच्याकडे आलें. दोन ठिकाणीं ऱ्हस्वदीर्घ सुधारले, पाकिटावर पिनकोड घातला, आणि संध्याकाळीं फिरावयास गेलों तेव्हां पोस्टाच्या पेटींत टाकलें.